शागुतीबरोबर पेरिकीता चालेल का?

नाताळ आणि लग्नसराई जवळ आली की वाइनबद्दलची पत्रं वाढतात, पण यावेळी गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी एकाच बाटलीबद्दल विचारलंय, पोर्तुगालची पेरिकीता. सगळी पत्रं काही छापता येत नाहीत, जी इतरांनाही उपयोगी पडतील तेवढी घेतलीत. आणि हे सगळं २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी बरं का, गोव्यात कायद्याने तेच वय आहे.

प्रश्न (म्हापसा): ताई, बाबांची पंचाहत्तरी आहे, घरातलीच पंचवीसेक माणसं. कोंबडीची शागुती, वडे, बांगड्याचं हुमण, सुंगटांचं सुकं असा बेत आहे. बाबा लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी पोर्तुगीज रेड वाइन ठेवू असं ठरलं. दुकानदाराने पेरिकीता दाखवली, खूप जुन्या घराण्याची आहे म्हणाला. पण बाजूच्या इम्पोर्टेड बाटल्यांपेक्षा ती एवढी स्वस्त की भाऊ म्हणतो यात काहीतरी गडबड आहे, जुन्या घराण्याची चांगली वाइन एवढ्यात कशी मिळेल? आणि शागुतीबरोबर जाईल का?

उत्तर: भावाला सांगा गडबड काही नाही. दुकानदार खरं बोलला. ही वाइन जुझे मारिया द फोन्सेका या घराण्याची. हे गृहस्थ मूळचे गणित शिकलेले, कोइंब्रा विद्यापीठाचे पदवीधर, आणि १८३४ साली त्यांनी लिस्बनच्या दक्षिणेला आझैतांव नावाच्या गावात वाइनचा धंदा सुरू केला. तिथे कोवा द पेरिकीता म्हणून एक जमीन होती, ती त्यांनी घेतली आणि कास्तेलांव जातीची द्राक्षं लावली. ती इतकी चांगली आली की आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी फांद्या मागून नेल्या, आणि पुढे त्या भागात द्राक्षालाच लोक पेरिकीता म्हणायला लागले. १८५० मध्ये पेरिकीता बाटलीत भरून विकायला आली. आपल्याकडे रेल्वे सुद्धा सुरू झाली नव्हती त्या साली, विचार करा. धंदा अजून त्याच घराण्याच्या हातात आहे, सहावी सातवी पिढी आता काम बघते.

आता स्वस्त का, तर त्याची कारणं जमिनीत आहेत. आझैतांवच्या आजूबाजूच्या सेतूबल भागात सपाट, रेताड जमीन आहे, समुद्र जवळ, ऊन भरपूर. कास्तेलांवला रेती मानवते. पोर्ट वाइन जिथे होते त्या दोउरो खोऱ्यात उभे डोंगर, पायऱ्या पायऱ्यांची शेती, बरंचसं काम हाताने करावं लागतं, मजुरी प्रचंड. इथे सपाटीवर यंत्रं फिरतात. त्यात घराण्याचे स्वतःचे शेकडो हेक्टर मळे, आणि ही वाइन ते थोडी थोडकी नाही तर भरपूर करतात, स्वीडन ब्राझीलपर्यंत पाठवतात, त्यामुळे बाटलीमागचा खर्च खाली येतो. आणि मुख्य म्हणजे ती रोजच्या जेवणाची वाइन म्हणूनच केलेली आहे, वीस वर्षं तळघरात ठेवायची म्हणून नाही. घराणं जुनं म्हणजे बाटली महाग असलीच पाहिजे हा आपला समज आहे, तिकडे उलट जुन्या घराण्याकडून लोकांची अपेक्षा असते की रोजची वाइन त्यांनी नीट आणि परवडेल अशी द्यावी.

उलट खरं तर तिकडच्या मानाने इकडे ती महागच पडते. परदेशी वाइनवर भारतात बरीच वर्षं १५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लागत आलंय, वर जहाजाचं भाडं, आयातदाराचा नफा, राज्याचा कर. गोव्यात दारूवरचा कर शेजारच्या राज्यांपेक्षा कमी म्हणून आपल्याला थोडं बरं. त्यामुळे तुम्ही बाटलीला जे पैसे देता त्यातला द्राक्षाचा वाटा अगदी लहान असतो, आणि म्हणूनच मी म्हणते की इम्पोर्टेड घ्यायचीच असेल तर मुळात स्वस्त आणि प्रामाणिक अशी वाइन घ्यावी.

तरी खात्री करायची तर बाटली फिरवून मागचं लेबल बघा. आयातदाराचं नाव पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) नंबर, एमआरपी, हे स्टिकर असलंच पाहिजे. पोर्तुगालच्या बाटलीवर तिकडच्या प्रादेशिक मंडळाचा छोटा नंबरवाला शिक्का पण असतो, आणि प्रदेश म्हणून पेनिंसुला द सेतूबल असं लिहिलेलं असेल. तीन गोष्टी दिसल्या की निश्चिंत व्हा.

चवीचं सांगते. साध्या पेरिकीतात कास्तेलांवबरोबर त्रिंकादेइरा आणि आरागोनेश ही द्राक्षं असतात, आरागोनेश म्हणजे स्पेनवाले ज्याला टेम्प्रानियो म्हणतात तेच. ग्लासात ओतली की रंग माणकासारखा, फार काळपट नाही, ग्लास तिरका धरला तर तळाशी बोट दिसतं. वास लाल फळांचा, रासबेरी, थोडी चेरी, मागून किंचित लाकडाचा आणि मसाल्याचा. तोंडात आंबटपणा जाणवतो आणि तोच महत्त्वाचा, कारण शागुतीत भाजलेलं खोबरं, खसखस, म्हणजे तेलकट जाडपणा भरपूर असतो, आंबटपणा नसलेली वाइन त्याच्यापुढे बसते. शागुतीतली लवंग, दालचिनी, जायफळ, बडीशेप यांच्याशी या वाइनचं चांगलं जमतं.

अडचण येते ती मिरचीची. रेड वाइनमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या साली आणि बियांतून येणारा तुरटपणा, आणि तिखट जेवणाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. म्हणून तिखटाबरोबर जाड, काळीभोर, लाकडाच्या पिंपात जास्त मुरवलेली वाइन घेऊ नये. दुकानदार कदाचित म्हणेल की थोडे जास्त देऊन पेरिकीता रिझर्वा घ्या. ती वाइन चांगलीच आहे, पण तिच्यात लाकूड जास्त आणि अंग भारी, भाजलेल्या मटणाबरोबर मी तीच सांगेन. शागुतीबरोबर मात्र साधी, वाचलेले पैसे वड्यांत घाला. आणि त्या दिवशी शागुतीत मिरची थोडी कमी ठेवलीत तर बाबांना दोन्हीची चव लागेल.

बांगड्याच्या हुमणाबरोबर मात्र ही वाइन नको. म्हणजे अजिबातच नको. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात एक धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव येते, आणि बांगडा तर तेलकट मासा, त्यात वर तिरफळ. लोक मग म्हणतात वाइन खराब होती. वाइन पण चांगली असते आणि बांगडा पण ताजा असतो. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सुक्याबरोबर एवढा त्रास होत नाही. हुमण आधी वाढा, सोलकढी द्या, आणि बाटली शागुती येईल तेव्हा उघडा.

किती लागतील तर ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात. पंचवीसात पिणारे बारा पंधरा धरले तर पाच बाटल्या पुरतात, सहावी हाताशी असू द्या.

प्रश्न (फोंडा): वाइनच्या व्हिडिओत सगळे सांगतात की रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, फ्रिजमध्ये ठेवली तर मरते. आमच्याकडे प्यायलो तर नुसता स्पिरिटचा भपका आला. वाइनच वाईट का?

उत्तर: वाइन वाईट नाही, खोली आपली आहे! तो रूम टेंपरेचरवाला नियम युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होता, तिथे खोली म्हणजे १६ ते १८ डिग्री. फोंड्याला डिसेंबरात सुद्धा दुपारी ३० च्या वर जातं. तिशीतल्या वाइनमधून अल्कोहोल आधी नाकात जातं, फळाचा वास त्याच्याखाली दबतो, आणि तोंडात ती नुसती जड आणि गोडसर लागते. तुम्ही जे वर्णन केलंय ते तंतोतंत हेच आहे.

पेरिकीतासारखी हलकी रेड १६ डिग्रीच्या आसपास सगळ्यात छान लागते. लोक सांगतात वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ते तिकडच्या हवेचं गणित, आपल्याकडे बाटलीच तिशीची असते तर वीस मिनिटांत काच सुद्धा नीट गार होत नाही. दीड दोन तास सरळ फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बालदीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जातो, पाणी पाहिजेच, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं आणि बर्फाचे खडे इथे तिथे टेकतात. हात लावल्यावर बाटली गार वाटली पाहिजे पण बर्फासारखी नाही, तेवढी खूण पुरे. जास्त गार झाली तर तुरटपणा बोचतो, मग पाच मिनिटं ग्लास हातात धरून बसा. ग्लासात बर्फ टाकू नका, वाइन पाणचट होते. आणि ग्लास अर्ध्याच्या खालीच भरा, आपल्याकडे भरलेला ग्लास संपेपर्यंत परत गरम झालेला असतो.

प्रश्न (साखळी): भाऊजी लिस्बनला असतात, त्यांनी पाच सहा वर्षांपूर्वी पेरिकीताच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. आम्ही शोकेसमध्ये उभ्या ठेवल्यात, लाइटखाली छान दिसतात. वाइन जुनी तेवढी चांगली म्हणतात, तर मुलीच्या लग्नात उघडाव्यात असा विचार आहे. ती आत्ता दहावीला आहे.

उत्तर: मनापासून सांगते, या रविवारी उघडा. जुनी तेवढी चांगली हे जगातल्या मोजक्याच वाइनना लागू आहे, ज्या त्यासाठीच करतात आणि ज्यांना गार, अंधाऱ्या जागेत आडवं ठेवतात. साधी पेरिकीता बाजारात येते तेव्हाच प्यायला तयार असते, काढणीच्या सालापासून तीन चार वर्षांत संपवावी. तुमच्याकडे ती गोव्याच्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात, उभी, वर लाइट, म्हणजे तिच्या नशिबात नव्हतं ते सगळं तिने सोसलंय.

बाटली आधी बघा. कॉर्क वर आलंय का, मानेशी चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी खाली गेलीय का. मग थोडी पांढऱ्या बशीत ओता. कडेला विटकरी रंग चालेल, पण सगळीच चहासारखी तपकिरी दिसली आणि वास शिजवलेल्या मनुकांचा किंवा व्हिनेगरचा आला तर ती गेली. प्यायल्याने अपाय नाही, फक्त आनंद पण नाही. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्या आम्लाचेच असतात. लेबलवर पावसाळ्याची बुरशी आली असेल तर ती पण नुसती वरची, आत काही होत नाही.

मुलीच्या लग्नासाठी काहीतरी ठेवायचंच असेल, आणि ती इच्छा मला फार आवडली, तर भाऊजींना त्याच घराण्याचं मोस्कातेल द सेतूबल आणायला सांगा. ही गोड वाइन. आंबवण चालू असतानाच तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्याने आंबवण थांबतं आणि गोडी राहते, मग साली त्यातच काही महिने भिजत ठेवतात, म्हणून वास संत्र्याच्या सालीचा, मधाचा, कधी मनुकांचा. अल्कोहोल १७ टक्क्यांच्या पुढे आणि साखर भरपूर, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते. १९०७ पासून तिच्या प्रदेशाला कायद्याने सीमा आखून दिलेल्या आहेत. आणि तिची एक गोष्ट आपल्यासारख्या बंदरवाल्या लोकांना सांगायलाच हवी. पूर्वी या वाइनची पिंपं जहाजावर चढवून ब्राझीलसारख्या लांबच्या देशांत विकायला पाठवायचे, जी खपायची नाहीत ती त्याच जहाजाने परत यायची. विषुववृत्त दोनदा ओलांडून, महिनोन्‌महिने उन्हात आणि हेलकाव्यात. घरी येऊन उघडली तर निघाली होती त्यापेक्षा सरस! या परत आलेल्या वाइनला तॉर्ना व्हियाजे म्हणतात, आणि या घराण्याने पुढे पोर्तुगीज नौदलाच्या साग्रेश या शिडाच्या जहाजावर पिंपं ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला. म्हणजे उष्णता सोसणारी वाइन पाहिजे तर ही, पेरिकीता नव्हे. लग्नात बेबिंकेबरोबर छोट्या ग्लासात द्या, चण्याच्या दोसबरोबर तर फारच छान.

येताना परदेशातून माणशी दोन लिटरपर्यंतच दारू ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, हे भाऊजींना आठवण करून द्या.

प्रश्न (डिचोली): आमची आजी सर्दी झाली की चमचाभर पोर्ट वाइन द्यायची, बाळंतिणीला पण द्यायची. पेरिकीता म्हणजे तीच का? माझी सून बाळंतीण आहे, सासूबाई द्या म्हणतात.

उत्तर: सुनेला देऊ नका. हे आधी लिहिते कारण बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल. आईने घेतलेलं अल्कोहोल दुधात उतरतं, आणि गरोदरपणात तर एक थेंब पण नको. आजीच्या काळी घरात औषध कमी आणि माया जास्त होती, त्या मायेपोटी ती द्यायची, तिचा काही दोष नाही. पण आता डॉक्टर हाकेवर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. वाइन जेवणाची चव म्हणून घ्यावी, थोडी घ्यावी, औषध म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नये. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर आळीवाची खीर, मेथीचे लाडू, तेवढं मनासारखं करू द्या.

आणि दोन्ही वाइन एक नाहीत. खरी पोर्ट दोउरो खोऱ्यातली, १७५६ साली त्या प्रदेशाच्या सीमा ठरल्या, तिच्यात पण मोस्कातेलसारखं स्पिरिट घालतात म्हणून गोड आणि २० टक्क्यांच्या आसपास कडक. आपल्या गोव्यात जी पोर्ट म्हणून मिळते ती इकडचीच, बहुतेक बेंगलोर ब्लू द्राक्षाची, गोड, स्वस्त, नाताळला केकबरोबर ग्लासभर घेतात ती. तिला मी नावं ठेवणार नाही, कितीतरी घरांत तीच पहिली वाइन असते. पण पेरिकीता गोड नाही. गोड समजून उघडाल तर आंबट तुरट लागेल आणि निराश व्हाल.

प्रश्न (काणकोण): आम्ही शाकाहारी. खतखतें, आळसांद्याचं तोंडाक असं जेवण. यांच्याबरोबर रेड वाइन जाते का, आणि वाइन मुळात शाकाहारी असते का?

उत्तर: आळसांद्याच्या तोंडाकाबरोबर नक्की घेऊन बघा. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि कडधान्याचा मातकट गोडवा, त्याला पेरिकीताचा आंबटपणा छान उठाव देतो, शागुतीपेक्षाही मला ही जोडी जास्त आवडते कारण मिरची कमी. आळसांदे नसतील तर मशरूमची शागुती, पावसाळ्यातली अळंबी मिळाली तर मग बघायलाच नको. खतखत्यात मात्र तिरफळ आणि गूळ, तिथे वाइन राहू द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं, वाइन गाळून स्वच्छ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. ते पदार्थ नंतर खाली बसतात आणि काढून टाकतात, पण तुम्ही कडक पाळत असाल तर लेबलवर व्हीगन लिहिलेली बाटलीच घ्या, त्यात शंका राहत नाही.

प्रश्न (पेडणे): माहेर सावंतवाडीला, जाताना दोन बाटल्या नेल्या तर चालतील ना? अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे.

उत्तर: रस्ता अर्ध्या तासाचा असला तरी मध्ये राज्याची हद्द आहे आणि पत्रादेवीच्या पुढे कायदा महाराष्ट्राचा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय तिकडे नेणं गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. आधी परवान्याची चौकशी करा, नाहीतर तिकडेच विकत घ्या.

प्रश्न (मडगाव): आम्ही दोघंच, बाटली एका दिवसात संपत नाही. उरलेली किती दिवस टिकते?

उत्तर: फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली, पाचव्या दिवसापर्यंत चालवून घ्यावी अशी. टेबलावर ठेवाल तर आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच उतरते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाटली उघडल्या उघडल्या अर्धी वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये टाका, हवाच कमी लागली की ती आठवडाभर सुद्धा राहते. त्यानंतर उरली तर चोरीसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) पुलावात घाला, कांदा आणि चोरीस परतून झाल्यावर अर्धा कप, तांदूळ घालायच्या आधी, आणि आच मोठी ठेवून आंबट वास जाईपर्यंत आटवा. पाणी तेवढंच कमी घ्या, नाहीतर भात गिचका होईल.